पहिलीत घालायचे आहे : गावातली जिल्हा परिषदेची शाळा की तालुक्याचे कॉन्व्हेंट?

वाघाडीकाठ :
माझी मुलगी यंदा अंगणवाडीतून बाहेर पडेल आणि जूनअखेर आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या की पहिलीत बसेल. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, साडेतीनशे उंबऱ्यांचे. गावात जिल्हा परिषदेची पाचवीपर्यंतची शाळा आहे. पट ३४ आणि शिक्षक दोन. मी स्वतः याच शाळेत शिकलो. १४ किलोमीटरवर तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा आहे. आमच्याकडे अशा प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती कोणत्याही संस्थेची असो. गावातली ११ मुले तिथे जातात. शाळा नऊला भरते, पण व्हॅन चार गावे फिरते, म्हणून मुलांना पावणेआठलाच रस्त्यावर उभे राहावे लागते.

खर्चाचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. वर्षाची फी २२,००० रुपये, व्हॅनचे दहा महिन्यांचे १२,००० आणि पुस्तके, दोन तऱ्हेचे गणवेश, बूट यांचे ६,००० असे एकूण ४०,००० रुपये होतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण मला बाजार समितीत ४,१०० रुपयांनी माल द्यावा लागला. माझ्या कोरडवाहू जमिनीत एकरी पाच क्विंटल झाले. म्हणजे हे ४०,००० रुपये जवळजवळ दोन एकरांचे सोयाबीन आहे, आणि त्यात बियाणे, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च वजा केलेला नाही.

पत्नी बारावीपर्यंत शिकली आहे. इंग्रजीमुळे आपण जिथे अडलो तिथे मुलगी अडू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे आणि ते मला चुकीचे वाटत नाही. पैसे उभे करण्याची माझी तयारी आहे. मला विचारायचे आहे ते हे, की हे ४०,००० रुपये नेमके कशासाठी मोजायचे, आणि मोजल्यावर ते मुलीपर्यंत पोहोचतात का? ज्यांनी दोन्ही शाळा जवळून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

संत्रापट्टा :
भाऊ, मी वरूड तालुक्यातला आहे. माझी दोन्ही मुले खाजगी शाळेत शिकली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आमच्या गावच्या शाळेत सलग दोन वर्षे चार वर्गांना एकच शिक्षक होते. माणूस चांगला होता, पण कधी पंचायत समितीत बैठक, कधी प्रशिक्षण, कधी ऑनलाइन माहिती भरणे. त्या दिवशी मोठ्या वर्गातला मुलगा लहानांना पाढे म्हणायला लावत असे. खाजगी शाळेत शिकवणे फार वरच्या दर्जाचे होते असे मी म्हणणार नाही. मात्र ती रोज भरत होती, तास वेळेवर होत होते आणि मुलगा आला नाही तर दहा वाजता घरी फोन येत होता. शाळा रोज भरते, एवढेच मी विकत घेतले, आणि बागाईतदाराला जमेल तेवढ्या किमतीत ते मला मिळाले.

खडूफळा :
वाशीम जिल्ह्यात ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून मी निवृत्त झालो. संत्रापट्टा यांनी सांगितलेली अडचण खरी आहे, ती मी नाकारणार नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात मतदार याद्यांपासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत आमचे किती तास गेले, ते आमच्या वर्गातल्या मुलांनी सोसले आहे.

कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणून ३४ पटाला दोन हे नियमानुसारच आहे. दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे, याला आम्ही बहुवर्ग अध्यापन म्हणतो. ते अवघड असले तरी अशक्य नाही. पहिली-दुसरी एकत्र बसवून कुशल शिक्षक उत्तम काम करू शकतो, कारण दुसरीचे मूल पहिलीच्या मुलाला शिकवताना स्वतः पक्के होते. सगळे काही तो शिक्षक कोण आहे यावर येऊन थांबते.

त्यामुळे इमारतीकडे पाहून किंवा लोकांचे ऐकून ठरवू नका. दोन्ही शाळांतल्या तिसरीच्या पाच-सहा मुलांना भेटा. दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या आणि तो वाचून झाल्यावर त्यात काय सांगितले आहे ते विचारा. हातच्याची एक वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचे एक उदाहरण घाला. ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून देशभरच्या खेड्यांत घरोघरी जाऊन साधारण हेच तपासतात. या कामाला अर्धा तास लागतो आणि कोणाच्याही जाहिरातीपेक्षा त्यातून अधिक कळते.

निळी बस :
मी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि आठवीपासून शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने तालुक्याच्या हायस्कूलमध्ये गेले. मुलींना पास मोफत होता, नाहीतर माझे शिक्षण सातवीतच संपले असते. आज मी परिचारिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, तरीही या ताईंची, म्हणजे वाघाडीकाठ भाऊंच्या पत्नीची, काळजी मला पूर्ण समजते.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी पुस्तके इंग्रजीत होती. पहिल्या सहामाहीत वर्गात काय चालले आहे ते मला कळत नव्हते. शरीररचनेतला प्रत्येक अवयव मला मराठीत ठाऊक होता आणि तरी मी उत्तर देऊ शकत नव्हते. शहरातल्या मुली हात वर करायच्या आणि मी मान खाली घालून बसायची. ते वर्ष मी रात्री शब्द पाठ करून काढले. ‘मराठीतून शिकले म्हणून काही बिघडत नाही’ असे जे सांगतात त्यांनी ते वर्ष पाहिलेले नसते. पण मला जे कमी पडले ते पहिलीतले इंग्रजी नव्हते. राज्यात २००० सालापासून इंग्रजी विषय पहिलीपासून आहे आणि तो मलाही होता. आठवीनंतर कोणी ते बोलायला, वाचायला, लिहायला लावले नाही, ही खरी उणीव होती. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा सेमी इंग्रजीचा वर्ग मला मिळाला असता, तर ते वर्ष इतके जड गेले नसते.

मेळघाटची वाट :
मी धारणी तालुक्यात शिक्षिका आहे. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांची घरची भाषा कोरकू आहे, जी मराठीच्या कुळातलीही नाही. ती मुंडा गटातली भाषा आहे. पहिलीची मुले दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलत नाहीत. ती शांतपणे बसतात, फळ्यावरचे वहीत उतरवतात आणि पाहणाऱ्याला वाटते की वर्ग किती शिस्तीचा आहे! पहिल्या वर्षी मीही तसेच समजले होते. पुढे मी थोडे कोरकू शिकले, वस्तूंची नावे आधी त्यांच्या भाषेत आणि मग मराठीत घेऊ लागले, तेव्हा कळले की ज्या मुलाला मी मंद समजत होते त्याला जंगलातल्या कितीतरी झाडांचे उपयोग माहीत होते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० अ मध्ये भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे म्हटले आहे. त्याचे महत्त्व मला त्या मुलाने शिकवले.

हे मी इथे का लिहिते आहे, तर तुमची मुलगी घरी वऱ्हाडी मराठी बोलते आणि सहाव्या वर्षी तिला अचानक इंग्रजीच्या वर्गात बसवले, तर ती माझ्या वर्गातल्या कोरकू मुलांसारखी गप्प बसेल. पालकांना ते वळण लागल्यासारखे वाटते. मूल ज्या भाषेत प्रश्न विचारू शकते, त्याच भाषेत ते शिकते. खाजगी शाळेतल्या बाई वर्गात मराठीतून समजावून सांगत असतील आणि मुलांना मराठीतून विचारू देत असतील, तर माझी ही हरकत बरीच कमी होते. तेवढे मात्र नक्की विचारून घ्या.

पूर्णाकाठ :
मी अकोला जिल्ह्यात इंग्रजी माध्यमाची एक छोटी शाळा चालवतो. आमची बाजू सांगणारे इथे कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो.

आमची शाळा स्वयंअर्थसहाय्यित आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखालच्या शाळांना सरकारचे अनुदान नसते. पगारापासून खडूपर्यंत सगळे पालकांच्या फीमधून चालते. पंचवीस टक्के जागांवर शिक्षणहक्क कायद्याखाली मुले येतात. त्यांच्यामागे सरकार वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत परतावा देते आणि तोही वर्षानुवर्षे थकतो. आमचे पालक शेतकरी आहेत. त्यांची फी जूनमध्ये येत नाही. कापूस घरात येऊन विकला गेला की दिवाळीनंतर येते, आणि बोंडअळीच्या वर्षी आलीच नाही. अशा स्थितीत मी शिक्षकांना नऊ हजारांपेक्षा जास्त पगार देऊ शकत नाही, हे मला खाली मान घालून मान्य करावे लागते. चांगल्या बाई दोन वर्षे राहतात, शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून त्यांची निवड झाली की जिल्हा परिषदेत जातात. त्यांच्या जागी नवी पदवीधर मुलगी येते, आणि ती शिकवायला शिकेपर्यंत वर्ष निघून जाते.

तरीही आमच्या शाळेत मुले शिकतात, कारण आम्ही त्यांच्यामागे लागतो. वाघाडीकाठ भाऊंनी प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिलीच्या वर्गशिक्षिका त्या शाळेत किती वर्षे आहेत, त्यांनी डीएड आणि शिक्षक पात्रता परीक्षा पूर्ण केली आहे का, आणि एका तुकडीत मुले किती. फीविषयी एक गोष्ट ध्यानात असू द्या. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. त्या सभेला पालक येत नाहीत आणि नंतर नाराज होतात, हा माझा अनुभव आहे.

धानपट्टा :
पूर्णाकाठ यांनी मोकळेपणाने लिहिले, त्याबद्दल आभार. मात्र सगळे संस्थाचालक असे नसतात. करोनाच्या काळात माझी मजुरी बंद झाली आणि मुलाची एका वर्षाची फी थकली. त्याला गावच्या शाळेत घालायचे ठरवले, तेव्हा त्या खाजगी शाळेने शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरला. चार महिने मी फेऱ्या मारल्या. शेवटी गावच्या मुख्याध्यापकांनी सांगितले की शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला ताबडतोब द्यावा लागतो आणि दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्यांनी त्याच दिवशी मुलाला वर्गात बसवले. ही माहिती मला आधी असती, तर त्याचे चार महिने वाया गेले नसते.

‘असर’च्या अहवालांत हे देशभर दिसते. खेड्यांत ६ ते १४ वयाची सरकारी शाळांत जाणारी मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ती ७२.९ टक्के झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आली. पैसा संपला तेव्हा लोक सरकारी शाळेकडे आले आणि हाती पैसा आल्यावर परत गेले, असा अर्थ मी यातून काढतो. माझा मुलगा मात्र गावातच राहिला. त्याचे मराठी वाचन सुधारले आणि दुपारी गरम जेवण मिळते, ही आमच्यासारख्या मजुराच्या घरात मोठी गोष्ट आहे. इंग्रजीत तो पूर्वी चार वाक्ये धीटपणे बोलत असे, ते आता राहिले नाही. याचे मला वाईट वाटते.

संत्रापट्टा :
खडूफळा गुरुजी, शिक्षक पात्र आहे हे मान्य. पण तो वर्गातच नसेल, तर त्या पात्रतेचा माझ्या मुलाला काय उपयोग?

खडूफळा :
प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर शाळा व्यवस्थापन समितीत आहे. कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बहुतेक गावांत ही समिती कागदावर असते आणि सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात. माझ्या एका शाळेत मी एकटा पडलो होतो, तेव्हा समितीतल्या महिलांनी ठराव लिहून घेतला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेल्या. पहिल्या दोन वेळा त्यांना परत पाठवले. तिसऱ्या वेळी त्या दुपारचा डबा घेऊन गेल्या आणि कार्यालयात बसून राहिल्या. पंधरा दिवसांत शेजारच्या शाळेतून एक शिक्षक प्रतिनियुक्तीवर आले. मी तीन अर्ज करून जे झाले नव्हते, ते त्यांनी करून दाखवले.

वर्धेकर :
‘खाजगी’ हा शब्द आपण इथे एकाच अर्थाने वापरतो आहोत, पण आपल्या भागात त्याचे दोन अर्थ आहेत. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था घ्या किंवा तालुक्यातली दुसरी जुनी संस्था. त्यांची अनुदानित हायस्कुले संस्थेची असली तरी शिक्षकांचा पगार सरकार देते. गावातली शाळा पाचवीला किंवा सातवीला संपली की आपली बहुतेक मुले तिथेच जातात. त्यामुळे खरा पर्याय पहिल्या पाच-सात वर्षांपुरता आहे. पुढे दोन्हीकडची मुले पुष्कळदा एकाच बाकावर बसतात.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी फार कमी पालकांना माहीत असते. केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, त्यांतले एक आपल्या अमरावती जिल्ह्यातले. या ग्रामीण जागांसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असावे लागते. तालुक्याची बहुतेक गावे आता नगरपंचायत किंवा नगर परिषद आहेत. तुमचे कॉन्व्हेंट त्या हद्दीत असेल, तर मुलगी राहते खेड्यात पण नवोदयसाठी शहरी ठरते. त्याचप्रमाणे आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती सवलत सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. ४०,००० च्या हिशेबात या दोन्ही गोष्टी मांडा.

आणि आणखी एक. तुमच्या शाळेचा पट ३४ आहे आणि ११ मुले बाहेर जातात. दरवर्षी दोन-तीन मुले अशीच गेली, तर पट विसाच्या खाली यायला किती वर्षे लागतील? २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा आमच्या भागातल्या किती गावांना झोप लागली नव्हती. गावातून सरपंच, पोलीस पाटील आणि चार एकरवाले यांची मुले निघून गेली की शाळेसाठी भांडणारा कोणी उरत नाही. मागे राहतात ती शेतमजुरांची मुले, ज्यांच्या आईबापांना गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

संत्रापट्टा :
वर्धेकर भाऊ, तुमचे शेवटचे म्हणणे मनाला लागते, पण एका बापावर सगळ्या गावाच्या शाळेचे ओझे टाकणे मला पटत नाही. मूल एकदाच सहा वर्षांचे होते. शाळा सुधारेल या आशेवर मी माझ्या मुलाची दोन वर्षे दिली असती आणि ती सुधारली नसती, तर त्याला मी काय सांगितले असते? शाळा चालवणे शासनाचे काम आहे. ते होत नाही, म्हणून माझ्यासारखे लोक बाहेर पडतात. आम्ही बाहेर पडलो म्हणून शाळा बिघडली, असे म्हणणे उलटे आहे.

वर्धेकर :
तुम्ही बाहेर पडलात यात दोष नाही. शिक्षक दोन वर्षे एकटाच होता, तिथे मीही तेच केले असते. वाघाडीकाठ यांच्या शाळेत मात्र आज दोन शिक्षक आहेत. तुमच्या गावचे उत्तर त्यांच्या गावाला जसेच्या तसे लागू होत नाही, एवढेच म्हणतो.

निळी बस :
मला एक प्रश्न विचारायचा आहे आणि भाऊंनी राग मानू नये. आमच्या भावकीत चार घरांत बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि भाऊ कॉन्व्हेंटमध्ये आहे. दोघे एकाच ओट्यावर अभ्यासाला बसतात. बहिणीला लहानपणीच कळते की आपल्यावर किती खर्च करायचा हे घरात ठरलेले आहे. तुम्हाला दुसरे मूल आहे का? असेल आणि तो मुलगा असेल, तर हाच हिशेब तुम्ही त्याच्यासाठीही मांडाल का?

मेळघाटची वाट :
हा प्रश्न या चर्चेत यायलाच हवा होता.

वाघाडीकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत मी आणि पत्नी दोन्ही शाळा पाहून आलो. जसे दिसले तसे लिहितो.

गावच्या शाळेत तिसरीची सहा मुले भेटली. चौघांनी परिच्छेद न अडखळता वाचला आणि त्यातली गोष्ट सांगितली. एकाने अक्षरे जुळवत वाचला, आणि एक मुलगा, जो ऊसतोडीहून मार्चमध्ये परतला होता, वाचू शकला नाही. हातच्याची वजाबाकी तिघांना आली. भागाकार एकालाही आला नाही. पहिली-दुसरीच्या बाई चिंचोके आणि पळसाची पाने घेऊन दशक-एकक शिकवत होत्या आणि मुले त्यांना भीडभाड न ठेवता विचारत होती. मुख्याध्यापक बैठकीला गेले होते; ते बारा वाजता आले. तोवर चौथी-पाचवीची मुले आपापली पुस्तके उघडून बसली होती. म्हणजे संत्रापट्टा यांचे म्हणणे मी डोळ्यांनी पाहिले.

खाजगी शाळेत आमचे आदराने स्वागत झाले, पण वर्गात बसू दिले नाही. म्हणून संध्याकाळी गावातल्याच तिसरीच्या दोन मुलांना भेटलो. दोघांनी इंग्रजी धडा भरभर वाचला. अर्थ विचारला, तेव्हा एकाला पहिली ओळ सांगता आली, दुसऱ्याला काहीच नाही. मराठी परिच्छेद दोघांनीही अडखळत वाचला. मात्र भागाकार दोघांनी अचूक केला आणि त्यांच्या वह्या रोज तपासलेल्या होत्या. पूर्णाकाठ यांनी सांगितलेले प्रश्न विचारले. पहिलीच्या बाई याच वर्षी आल्या आहेत आणि तुकडीत ४३ मुले आहेत. शाळा नगरपंचायतीच्या हद्दीत आहे.

निळी बस ताई, राग येण्याचे कारण नाही. मला दोन वर्षांचा मुलगा आहे. तुमचा प्रश्न मी पत्नीला वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, की मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालण्याचा तिचा आग्रह त्याचसाठी होता. मुलासाठी तर सगळे आपोआप पैसे काढतील, मुलीसाठी आधी काढून ठेवावेत असे तिला वाटत होते. मला हे ठाऊक नव्हते.

आमचे ठरले ते असे. मुलगी गावच्या शाळेत जाईल आणि पुढे मुलगाही तिथेच जाईल. दर सहा महिन्यांनी गुरुजींची ती तपासणी आम्ही घरी करू, आणि दुसरी संपेपर्यंत तिला नीट वाचता आले नाही तर शाळा बदलू. हे मी पत्नीला वहीत लिहून दिले आहे. वाचणाऱ्या पैशांतून वर्षाला १५,००० रुपये पोस्टात सुकन्या समृद्धीच्या खात्यात तिच्या नावे भरू, आणि काही रक्कम पुस्तकांना व इंग्रजीच्या शिकवणीला ठेवू. पत्नीने शाळा व्यवस्थापन समितीसाठी नाव दिले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सेमी इंग्रजी सुरू करून घ्यायचे असेल तर सुरुवात कुठून करावी? आणि या चिंचोक्यावाल्या बाई बदलीला पात्र झाल्या आहेत असे कळते. त्या गेल्या तर आमचा निम्मा आधार जाईल.

खडूफळा :
सेमी इंग्रजीसाठी समितीच्या बैठकीत ठराव घ्या, त्यावर पालकांच्या सह्या जोडा आणि मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे पाठवा. १ मेच्या ग्रामसभेतही तो विषय मांडा, म्हणजे कागदाला वजन येते. त्याआधी बाईंना आणि मुख्याध्यापकांना विश्वासात घ्या, कारण गणित इंग्रजीतून शिकवायचे आहे ते त्यांना. बदली आपल्या हाती नाही. त्या गेल्याच, तर त्यांची जागा रिकामी राहू नये म्हणून ठरावात तसा स्पष्ट उल्लेख करा आणि त्या जाण्यापूर्वी त्यांच्याकडून शिकवण्याचे साहित्य शाळेत ठेवून घ्या.

निळी बस :
ताईंना माझा नमस्कार सांगा. समितीच्या पहिल्या बैठकीत काय झाले ते त्यांनी स्वतः इथे लिहावे, अशी विनंती आहे.

संत्रापट्टा :
मी तुमच्या जागी असतो तर कदाचित वेगळे ठरवले असते, पण तुम्ही दोन्ही शाळा पाहून ठरवले आहे, तेवढे मी केले नव्हते. माझ्या मुलांची पहिली ते चौथीची इंग्रजी गोष्टींची पुस्तके एका पेटीत भरून ठेवलेली आहेत, चाळीसेक असतील. मे महिन्यात यवतमाळला लग्नाला येणार आहे; बसस्थानकावर भेटलात तर पेटी तुमच्या हवाली करतो. शाळेत ठेवलीत तर सगळ्याच मुलांना वाचता येतील.